सोमवारचा थेंब

दूध संकलन केंद्रावर बसून रोज सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध तपासणाऱ्या प्रणोती चौगुलेनं स्वतः नऊ वर्षांत दुधाचा एक घोटही घेतलेला नव्हता. दूध किटलीतून कसं पडतं, भांड्याच्या काठाला किती वेळ धरून राहतं, गाईचं कुठलं, म्हशीचं कुठलं, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. चव तेवढी आठवत नव्हती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत, बाविसाव्या वर्षी, तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. कशानं, ते शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस कोल्हापूरचं डायलिसिस सेंटर, चार चार तास खुर्चीला खिळून बसणं, आणि घरी आल्यावर पथ्याची लांबलचक यादी. त्या यादीत सगळ्यात वरचा शत्रू होता फॉस्फेट.

रक्तातली बाकीची घाण मशीन चार तासांत बऱ्यापैकी धुऊन काढतं. फॉस्फेटचं तसं नाही. ते रक्तात असतं चिमूटभर आणि हाडामांसात दडलेलं असतं पोतंभर. रक्तातलं धुतलं की आतलं वर येतं, आणि मशीन बंद झाल्यावर काही तासांत आकडा पुन्हा जिथल्या तिथं. साचत गेलं की अंगाला खाज सुटते, हाडं पोखरतात, रक्तवाहिन्या कडक होतात. आणि असतं कशात? दुधात, दह्यात, डाळीत, शेंगदाण्यात, अंड्यात. म्हणजे माणसाला जे जे आवडतं त्यात.

सेंटरवर एक रिवाज होता. सुई लागली, मशीन सुरू झालं की पहिल्या तासात डबे उघडायचे. कुणाकडे भडंग, कुणाकडे पेढा. “आत्ता खाल्लेलं मशीन वडून घेतं,” असं सगळे एकमेकांना सांगत. त्यात तथ्य थोडं आणि समाधान जास्त. प्रणोतीच्या शेजारच्या खुर्चीवरची हौसाक्का तर तिला दर वेळी आग्रह करायची, “खा गं एक. मशीन काय फकस्त आमचंच हाय व्हय?” ती हौसाक्का कंगव्यानं पाठ खाजवायची, रक्त येईपर्यंत. एकदा घरात पाण्याची कळशी उचलताना तिच्या दंडाचं हाड काडीसारखं मोडलं. दोन महिन्यांनी ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या दिवसापासून प्रणोतीनं कुणाच्या डब्याकडे मान वळवली नाही.

दुसराही एक रिवाज होता, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. महिन्याची रक्ततपासणी जवळ आली की आठवडाभर सगळे कडकडीत पथ्य पाळायचे. एरवी काहीही खाणारी माणसं त्या आठवड्यात पाण्यात उकळलेला भात गिळायची, म्हणजे रिपोर्टावर डॉ. अत्तार मॅडमचा लाल पेन उठू नये. नसीम अत्तार फार चांगल्या डॉक्टर. पण आकडा वाढला की त्या लाल गोल काढायच्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, “काय खाल्लं होतंस?” प्रणोतीच्या रिपोर्टावर नऊ वर्षांत दोनदाच लाल गोल आला. दोन्ही वेळा ती घरी येईपर्यंत रडली.

मग बंडी आली.

दोन हजार एकोणचाळीस सालच्या दिवाळीत डॉ. अत्तारांनी तिला बोलावून ती दाखवली. खरोखरच जुन्या म्हाताऱ्यांच्या बंडीसारखी, बिनबाह्यांची, चार खिशांची. एका खिशात हाताच्या पंजाएवढा पंप, दुसऱ्यात रक्त गाळणारी नळकांडी, तिसऱ्यात रक्त धुणारं पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करणारी कोळशासारखी काडतुसं. गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या नळीतून रक्त बंडीत जायचं आणि स्वच्छ होऊन परत यायचं. दिवसभर, रात्रभर. खऱ्या मूत्रपिंडासारखं संथ, पण अखंड.

आठ दिवसांत प्रणोतीच्या तोंडाची कडू चव गेली. महिन्यात चेहऱ्यावरची राखाडी कळा गेली. सहा महिन्यांत, रक्त सतत स्वच्छ राहायला लागल्यावर, आपण आजारी आहोत हेच शरीर जणू विसरलं, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले.

घरात कुणाला हसावं की घाबरावं कळेना. नवरा धैर्यशील दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. तो ऐकून ओट्यापाशी तसाच उभा राहिला, हातातल्या बटाट्याच्या फोडी पाण्यात सोडत. लग्नानंतर स्वयंपाक तोच शिकला होता, तोही तिच्या पथ्याचा. भाजी उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची. गावात त्याला त्यावरून चिडवत. सासू शालनबाई, जिला प्रणोती आत्ती म्हणायची, तिनं मात्र सरळ देवापुढं साखर ठेवली आणि म्हणाली, “बघू आता काय म्हणती तुझी ती अत्तारीण.”

डॉ. अत्तार म्हणाल्या, “दूध पी.”

“कुणी?” प्रणोतीनं विचारलं.

“मी पिते, तू बघ. अगं, तू! रोज एक लिटर. शेंगदाणे खा, डाळ खा, अंडी खा. आणि जेवणासोबतच्या त्या फॉस्फेट अडवणाऱ्या गोळ्या आजपासून बंद.”

“मॅडम, फॉस्फेट...”

“तेच सांगतेय. बंडी चोवीस तास धुते. पूर्वी आतलं फॉस्फेट वर यायच्या आत मशीन थांबायचं. आता ते वर येतं आणि बंडी काढून टाकते, वर येतं आणि काढून टाकते. तुझं वाढणार नाही, तुझं कमी पडणार आहे. आणि फॉस्फेट नुसतं हाडांसाठी नसतं. स्नायूतल्या प्रत्येक पेशीला जोर काढायचा तर तो फॉस्फेटच्याच जोडणीत साठवलेला असतो. ते संपलं तर हात उचलत नाही, पाय उचलत नाही, शेवटी छातीचा भाता हलत नाही. त्यात तुझ्या पोटात हाडं तयार व्हायला लागलीत एकाची.” त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. “नऊ वर्षं मीच तुला उलटं सांगितलं, माहितेय मला. शिव्या दे हवं तर. पण पी.”

बंडीचा चौथा खिसा यासाठीच होता. त्यात फॉस्फेटच्या मिठाची डबी असायची आणि बंडी त्यातलं थोडं थोडं रक्तात परत सोडायची. किती सोडायचं ते बंडी स्वतः शिकायची. अडचण एकच होती. युरिया, पोटॅशियम, पाणी हे सगळं तिला क्षणाक्षणाला कळायचं, पण फॉस्फेट मोजणारा तंतू रक्तात दोन दिवसांत बुरसटायचा. म्हणून दर सोमवारी सकाळी आठला बोट टोचून एक थेंब कागदी पट्टीवर घ्यायचा आणि पट्टी खिशात सरकवायची. त्या एका थेंबावरून बंडी पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधायची, आणि तोच आकडा सेंटरवर डॉ. अत्तारांना दिसायचा. अडीच ते साडेचार म्हणजे ठीक.

“सलग दोन सोमवार दोनच्या खाली गेलीस तर भरती,” मॅडमनी बजावलं. “बाळ होईपर्यंत. आणि या दोन पुड्या ठेव. फॉस्फेटच्या आहेत, एकदम अशक्त वाटलं तर पाण्यातून घे आणि मला फोन कर. संपल्या की सिस्टर देईल. रोज घेऊ नको, पोट बिघडतं.”

पहिल्या दिवशी आत्तीनं घरच्या म्हशीचं दूध तापवून, वर साय धरलेलं, पितळी फुलपात्रात आणून दिलं. प्रणोतीनं ते ओठाला लावलं. वास आत गेला आणि हौसाक्काचा दंड डोळ्यांसमोर आला. घसा आपोआप मिटला.

“गिळ की गं बया. लेकराला पायजे.”

“गार झाल्यावर घेते, आत्ती.”

गार झाल्यावर तिनं ते मागच्या दारी मांजराच्या परळात ओतलं. दुसऱ्या दिवशीही. आपण चुकतोय हे तिला कळत होतं. पण नऊ वर्षं शरीरानं जे घोकलं होतं ते एका बाईच्या एका वाक्यानं पुसलं जात नव्हतं. डाळीचा घास तोंडात घेतला की चोरी केल्यासारखं व्हायचं. धैर्यशीलही सवयीनं भाजीचं पहिलं पाणी फेकूनच द्यायचा आणि मग जीभ चावायचा.

पंधराव्या आठवड्यातल्या सोमवारी आकडा आला एक पूर्णांक आठ.

डॉ. अत्तारांचा फोन आला. आवाज मऊ होता, पण प्रणोतीला त्यात लाल पेनच ऐकू आला. “काय खाल्लं नाहीस?” असं त्या विचारत होत्या. फक्त ‘नाहीस’ नवीन होतं. पुढच्या सोमवारी हेच झालं तर तोच वॉर्ड, त्याच खुर्च्यांच्या रांगेसमोरून रोज जाणं. पाच महिने.

पुढच्या सोमवारी पहाटेच उठून तिनं डोळे मिटून लिटरभर दूध प्यायलं. वर वाटीभर खवा. सहा वाजता दोन्ही पुड्या पाण्यात ढवळून घेतल्या. आश्चर्य म्हणजे घसा मिटला नाही. परीक्षेसाठी गिळता येत होतं, रोजच्यासाठी येत नव्हतं.

आठला थेंब दिला. तीन पूर्णांक सहा.

“शाब्बास!” डॉ. अत्तारांचा निरोप आला, सोबत टाळ्या वाजवणारे दोन हात. नऊ वर्षांत त्यांनी तिला असे हात कधी पाठवले नव्हते. प्रणोतीनं तो निरोप तीनदा वाचला.

मग दर सोमवारी तेच. पहाटे दूध, खवा, पुड्या. पुड्या संपल्या की गरगरल्यासारखं झालं सांगून सिस्टरकडून नव्या आणायच्या. मंगळवारपासून रविवारपर्यंत मांजर. तिला वाटायचं, आकडा सांभाळला की बाकी सगळं बंडी सांभाळेल. पण बंडीला माहीत होता तो सोमवारचाच थेंब. तो सांगत होता, या बाईला पोटातूनच भरपूर मिळतंय. बंडीनं चौथ्या खिशातलं मीठ कमी केलं. पुढच्या सोमवारी आकडा पुन्हा छान, तेव्हा अजून कमी केलं. धुणं मात्र चालूच, घरघर घरघर, दिवस आणि रात्र.

विसाव्या आठवड्यात बाळ हललं. बंडीच्या पंपापाशीच, आतून कुणी बोटानं टकटक करावं तसं. तिनं धैर्यशीलचा हात तिथं नेऊन ठेवला. तो म्हणाला, “मशीन हाय का पोरगं?” आणि दोघं किती तरी वेळ हसत राहिली.

बाविसाव्या आठवड्यात तिला पाटावरून उठताना जमिनीला हात टेकवावा लागला. चोविसाव्यात दुधाची किटली उचलेना. मांड्या आतून ठणकत. आत्ती तेल लावून चोळायची आणि म्हणायची, “भारी पोर हाय, वझं व्हतंय.” मग दाराकडं बघून, “आन् हे मांजर कशानं गं एवढं फुगलंय? याला बी दिस गेल्यात का काय?”

प्रणोती हसली नाही. धैर्यशीलनं मॅडमना फोन करू म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “आकडा तीन पूर्णांक चार आहे. बघा की, फोनवर आलाय.” त्यानं बघितला. आकडा बरोबर होता.

सव्विसाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळच्या दुधाला, सर्जेराव आण्णा केंद्रावर आले. चार म्हशींचे मालक, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी किटली ओतली, यंत्रानं दूध चोखलं आणि हिरवा दिवा लावला. फॅट बरोबर, घट्टपणा बरोबर. मागच्या बाईनं आपली किटली पुढं सरकवली. पण प्रणोती मापाच्या काठाकडे बघत बसली होती. दूध काठावरून फार लवकर घसरलं होतं, आणि मागं बारीक पांढरी रेघ ठेवून गेलं होतं.

“आण्णा, ह्यात पावडर हाय.”

“तुझं मशीन काय म्हणतंय? बराबर म्हणतंय न्हवं? मग?”

“मशीनला फसवलासा. मला न्हाई.”

आण्णांनी आजूबाजूला पाहिलं. मागच्या बाईनं किटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. मग आण्णा बाकावर टेकले आणि त्यांचा आवाज खाली आला.

“चंद्री म्हस बसलीया. चार दिस झालं. उठंना.”

“डॉक्टरला दाखवली का?”

“काल दावली. फासफरस उतरलंय म्हणला. व्याल्यापास्नं बारा-बारा लिटर देत हुती गं. रक्तातलं सपलं तवा हाडातलं काढून दिलं तिनं. आता उठाय बळ न्हाई. इंजेक्शान दिलंय, पर उशीर झाला म्हणतोय.”

“मग आधी का न्हाई दाखवलासा? दूध पातळ झालं तेव्हा कळलं असंलच की.”

“कळलं हुतं. पर हितं आकडा पडला असता. तू डेअरीच्या सायबाला कळवलं असतंस, सायेब म्हस बगाय आला असता, दूध बंद केलं असतं. म्हणलं आकडा तेवढा नीट ठिवू, तवर म्हस व्हईल बरी.”

“म्हशीला आकडा कळतोय व्हय, आण्णा?”

हे ती आपल्या नेहमीच्या, केंद्रावरच्या ठणठणीत आवाजात बोलली. वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिलाच ऐकू आलं. किटलीवर चमकणारा हिरवा दिवा, आण्णांची खाली गेलेली मान, आणि पोटावर बंडीची घरघर. बाळ आज सकाळपासून हललं होतं का? हललं होतं. हळू, पण हललं होतं.

तिनं उठायचा प्रयत्न केला. मांड्यांनी ऐकलं नाही. खुर्चीचे हात धरून पुन्हा जोर लावला. ओठांना मुंग्या आल्या होत्या आणि श्वास अर्ध्यातच संपत होता, जसा चढावर संपतो.

“आण्णा,” ती म्हणाली, “आमच्या ह्यांना फोन लावा. मला उठवंना.”

धैर्यशील दहा मिनिटांत गाडी घेऊन आला. त्यानं आणि आण्णांनी मिळून तिला उचलून बसवलं. गाव मागं पडल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. श्वास पुरत नव्हता, म्हणून तुकड्या तुकड्यानं. पहाटेचं दूध. खवा. पुड्या. सोमवार. दोन गावं गेल्यावर तो म्हणाला, “आणि रोजचं दूध?”

“मांजराला.”

“नऊ वर्षं दोनदा भाजी उकळली मी. तुझ्यासाठी बिनदुधाचा चहा प्यालो. मला सांगता आलं न्हाई तुला?”

“तुम्ही म्हणाला असता, मॅडमना सांग.”

“व्हय. म्हणलो असतो.” मग जरा वेळानं, समोर बघत, वेगळ्याच आवाजात, “नीट बस. पट्टा पोटाखालनं घे.”

कोल्हापूरला पोचताच दंडातून घेतलेल्या रक्ताचा आकडा आला शून्य पूर्णांक आठ.

सगळं ऐकून डॉ. अत्तारांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. शिरेतून फॉस्फेट सुरू झालं, थेंब थेंब, कारण एकदम दिलं तर तेही घात करतं. छातीवर श्वास मोजणारी चकती लावली. दुपारी सोनोग्राफी झाल्यावर मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

“बाळाच्या मांडीचं हाड मोजलं. महिन्याला हवं तेवढं आहे. तुझ्या हाडांतनं त्यानं आपलं काढून घेतलंय. तुझी हाडं मात्र... भरतील. वेळ लागेल.” त्यांनी चष्मा काढला. “चार दिवस उशीर झाला असता तर आपण श्वासाच्या मशीनबद्दल बोलत असतो.”

“मॅडम, चुकलं माझं.”

“हो. चुकलं.” त्या खिडकीकडे बघत राहिल्या. “तो लाल पेन माझाच होता ना?”

प्रणोतीनं मान हलवली, हो म्हणून.

“मला वाटायचं, धाकानं माणसं पथ्य पाळतात. धाकानं ती फक्त माझ्यापुढं पाळतात, हे मला कळायला हवं होतं. वीस वर्षं झाली या कामाला.” मग त्यांनी खरी गोष्ट काढली. “ऐक. राज्यात बंडी घातलेल्या गरोदर बायका तुझ्यासकट पाच. पाचच. एवढ्या थोड्या माहितीवर बंडी एकटी शिकू शकत नाही, म्हणून पाचही बंड्यांचं डोकं एकत्र जोडलंय. एकीचा थेंब आला की पाचही जणींचं मीठ थोडं थोडं बदलतं. तुझे आकडे सगळ्यात सुरेख होते, प्रणोती. बाकीच्या चार बंड्या तुझ्यावरून शिकत होत्या.”

प्रणोतीला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. आपण आपल्या स्वयंपाकघरात पहाटे जे प्यायलो ते कुठल्या तरी दुसऱ्या गावात, कधीही न पाहिलेल्या बाईच्या रक्तातून कमी झालं.

“त्या कशा आहेत?”

“तुझे थेंब मी आज पुसायला सांगितले. पण आकडे त्या चौघींचेही छान येतायत. म्हणूनच तर मला शंका येतेय. दोघी थकवा सांगतात. मी प्रत्येकीला विचारलं, खरं सांग म्हणून. सगळ्या म्हणतात, आम्ही काही करत नाही.” डॉ. अत्तार कसनुशा हसल्या. “मला कोण सांगेल? तू विचारशील?”

रविवारी दुपारी, वॉर्डातल्या खाटेवर उशांना टेकून, प्रणोतीनं फोन लावला. दोन दिवसांत मुंग्या गेल्या होत्या, श्वास खोल जात होता. धैर्यशील पायथ्याशी बसून शेंगा सोलत होता, आणि सोललेल्या तिच्या हातात देत होता. एकेक दाणा ती खात होती. अजून प्रत्येक दाण्याला मन आधी नको म्हणत होतं.

फोन उचलला करुणा गेडामनं, त्या चौघींतल्या एकीनं. वैनगंगेकाठचं गाव, चोविसावा आठवडा.

“नमस्कार. मी प्रणोती चौगुले, कोल्हापूरकडची. माझ्याही अंगात बंडी आहे.”

“हो जी. डॉक्टरीणबाईनं सांगतलं का फोन कराले?”

“हो.”

“मंग मी काहीच करत नाही जी. तसंच सांगून टाकजा त्याईले.”

प्रणोतीला हसू आलं. किती ओळखीचं वाक्य. तिनं काही विचारलं नाही. आपलंच सांगितलं. दूध मांजराला कसं घातलं. सोमवारी पहाटे लिटरभर कसं ढोसलं. खवा. मग सहाच्या ठोक्याला दोन पुड्या.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“सहाले?” करुणा म्हणाली. “लवकर होते जी ते. मी तं सातले घेतो. आठले बरोब्बर लागते.”

धैर्यशीलचा शेंग सोलणारा हात थांबला. प्रणोतीनं डोळे मिटले.

“किती घेतेस?”

“तीन.” आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून गेलो. “ताई, तुमी सांगान का त्याईले?”

“खाली बसलीस तर उठता येतं का गं?”

“भिंत धरून,” करुणा म्हणाली. “धाकटी जाऊ हात देते.”

“मी खुर्चीतून उठू शकले नाही. शुक्रवारी. दोघांनी उचलून आणलं.”

“आन् लेकरू?”

“आहे. हलतंय. तुझं?”

“कालपासून जरा कमी हालते जी.” आवाज बारीक झाला होता.

“मग आजच जा. उद्याची वाट बघू नकोस. आणि पुडी न घेता जा. आहे तसं रक्त दे.”

“आकडा लय खाली येईन. ठेवून घेतीन मले नागपूरले.”

“घेतील.”

“तुमाले बी ठेवलं?”

“बाळ होईपर्यंत.”

करुणाचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. आखूड, वरच्या वर. दोन दिवसांपूर्वी आपलाही असाच वाजत असणार, प्रणोतीला वाटलं.

“तुमचा किती आला होता जी? खरा?”

खरा आकडा नऊ वर्षांत तिनं कुणाला सांगितला नव्हता, नवऱ्यालाही नाही. रिपोर्ट नेहमी घडी घालून पिशवीच्या तळाशी. धैर्यशील तिच्याकडे बघत होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारीही कान देऊन ऐकत होती.

“शून्य पूर्णांक आठ,” प्रणोती मोठ्यानं म्हणाली.

“बाप्पा!” मग जरा थांबून, अगदी हळू, “माहा त्याच्याहून तं जास्तच येईन, नाही का जी?”

“येईल. गाडी कोण काढेल आत्ता?”

“दीर आहे घरी.”

“हाक मार त्याला. मी फोन ठेवत नाही.”

पलीकडे करुणानं हाक मारली. कुणीतरी ओ दिली, खाटेचा आवाज झाला, चपला वाजल्या. प्रणोती फोन कानाला लावून बसून राहिली.